नव्या टीव्हीची खोड

अंथुर्ण्याच्या गेणबाला बैलाची खोड सांगायला बैल बघावाच लागत नसे. एकदा इंदापूरच्या बाजारात कुडाच्या पलीकडं एक बैल शिंकला. गेणबा अलीकडं भजी खात होता. भजं तोंडात असतानाच तो म्हणाला, "नांगराच्या तिसऱ्या फेरीला बसणार ह्यो." विकणाऱ्यानं शिव्या दिल्या, घेणाऱ्यानं मनावर घेतलं नाही, आणि बैल तिसऱ्या फेरीला जो बसला तो बसलाच. त्याच्या भोवतीनं पुढं तीन वर्षं ऊस लावला म्हणतात. आता लोक गोष्ट थोडी वाढवून सांगतात, हे कबूल केलं पाहिजे. भजी नव्हती, वडा होता.

पण एक गोष्ट शंभर टक्के खरी. बाजाराचा एक नेम होता. विकणाऱ्यानं जनावराची खोड सांगून विकायची. न सांगितलेली खोड आठ दिवसांत दिसली, तर जनावर माघारी आणि पारख करून देणाऱ्याचं नाव मातीत. चाळीस वर्षांत गेणबानं पारखलेलं एकही जनावर माघारी आलं नव्हतं. मग घरोघर ट्रॅक्टर आले. ट्रॅक्टर शिंकत नाही. गेणबाला कुणी विचारीना. एवढ्या नावातून शिल्लक राहिली ती दोन्ही बाजूंना वळवलेली पांढरी मिशी.

अशात घरातला टीव्ही गेला. आधी निळा झाला, मग आडवा पट्टा आला, मग आवाज राहिला आणि माणसं गेली.

मुलगा ऋषिराज इंदापूरला तहसील कचेरीत होता. तो फोनवर म्हणाला, "तात्या, मी मोबाईलवरनं मागवतो. परवा दारात येईल."

"फोटू बघून बैल घेत्यात व्हय रं?" म्हणून गेणबानं फोन ठेवला.

हे बोलणं झालं ज्ञानेशच्या केशकर्तनालयात. शेजारच्या वस्तीवरचा आबाजी तोंडाला फेस लावून बसला होता. तो फेसातून म्हणाला, "गेणबा, ह्यो जमाना तुझा न्हाय. टीव्हीला शेपूट नसतं. धरशील कुठं?"

"जातिवंत चीज डोळ्याला कळती, आबाजी."

"आन् आठ दिसात माघारी न्यायची पाळी आली तर?"

गेणबानं आरशात पाहिलं. चाळीस वर्षांचं नाव त्या आरशात दोन्ही बाजूंना वळलेलं होतं. "तर एका अंगाची मिशी उतरवीन," तो म्हणाला. "ज्ञानेश, तू साक्षीदार."

ज्ञानेशचा वस्तरा आबाजीच्या गालावर थांबला. आजवर गेणबाच्या मिशीला त्यानं कात्रीसुद्धा नीट लावली नव्हती. आबाजी मात्र फेस पुसायचं विसरून दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगायला बाहेर पळाला, आणि दुपारपर्यंत ती पैज सगळ्या गावाची झाली.

बारामतीत इकबालचं टीव्ही-फ्रिजचं दुकान होतं. इकबालचे वडील कांद्याचे व्यापारी. त्यांच्या गाडीचे बैल गेणबानंच पारखून दिलेले. त्यामुळं गेणबा दुकानात शिरला तेव्हा इकबाल गल्ल्यावरून उठला आणि पोरीला म्हणाला, "हीना, तात्यांना सगळं नीट दाव. ह्यांनी तुझ्या आज्ज्याला कधी फसू दिलं न्हाय."

हीना दुकान सांभाळायची आणि तिला प्रत्येक सेटची कुंडली पाठ होती. गेणबानं पिशवीतून बैल बांधायचं एक दावं काढलं. दाव्याला मध्ये गाठ होती.

"भिंतीपासनं माझ्या खाटंपत्तोर एवढं अंतर हाय. घरातनंच मापून आणलंय."

हीनानं टेप लावला. "साडेआठ फूट. मग पंचावन्न इंची बास झाला, तात्या. अंतर बघूनच आकार घ्यायचा. लोक मोठ्याच्या नादाला लागतात आणि मान मोडून घेतात."

पोरगी शहाणी आहे, असं गेणबाला वाटलं. "जात कुठली ह्याची?"

"फोर के. चित्र बारीक ठिपक्यांनी बनतं. ठिपके जितके जास्त, तितकं चित्र स्वच्छ. काय दाखवू?"

"बैल."

हीनानं रिमोट तोंडाजवळ धरला आणि साध्या मराठीत म्हणाली, "खिल्लार बैल दाखव."

भिंतीवर बैल उभा राहिला. गेणबा एक पाऊल मागं सरला. बैलाचं त्याला काही नव्हतं. तो दचकला दुसऱ्याच गोष्टीला.

"हे ऐकतं?" त्यानं कुजबुजत विचारलं.

"बटण दाबलं की ऐकतं. काही सेट बटण न दाबतापण कान लावून असतात. ते आतून बंद करता येतं. मी करून देते."

"आत्ताच कर बाई. मग पुढचं बोलू."

तिनं ते बंद केल्यावर गेणबा पडद्याजवळ गेला. बैलाच्या पापणीचा केस न केस मोजता येत होता. कानामागं गोचीड बसली होती, तीही पोट भरून. गेणबाच्या तोंडाचा आ झाला. चाळीस वर्षांत हाताशी धरलेल्या बैलाचा कान त्याला इतका जवळून दिसला नव्हता.

"डाव्या म्होरल्या खुराला जखम हाय ह्याच्या," तो म्हणाला. "मालकाला फोन लाव."

"तात्या, हा व्हिडिओ आहे. दोन वर्षांपूर्वीचा."

"म्हंजे दोन वर्सं लंगडतोय बिचारा." गेणबाला ते पुढची पाच मिनिटं सोडवेना. मग त्यानं विचारलं, "आन् चाल?"

"चालीचा आकडा असतो, सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं त्याचा. साठ असेल तर पळणारा माणूस जरा फरफटतो. ह्याचा एकशे वीस आहे, पळताना तुटत नाही. आणि दात विचारणार असाल तर हा दोनदाती. यंदाचं मॉडेल. तो समोरचा स्वस्तातला जुळलेला, म्हणजे वयस्क आहे, त्याचं आतलं सॉफ्टवेअर कंपनी आणखी दोनच वर्षं नवं करून देणार. मग ॲप चालेनाशी होतात."

बैलाचं वय दातांवर सांगणारी पोरगी टीव्हीच्या दुकानात भेटेल असं गेणबाला स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्यानं मिशीवरून हात फिरवला. "आता खोड सांग."

"खोड कसली तात्या, नवा कोरा माल," इकबाल म्हणाला.

"अब्बा, थांबा. आज्ज्यानं सांगितलंय, खोड लपवायची नाही." हीना बोटांवर मोजू लागली. "एक, ह्याला घरात नेट लागतं, नाहीतर निम्मा टीव्ही मुका. दोन, आवाज बारीक आहे, पाठीमागून निघतो. वेगळा स्पीकर लावला तर बरं. तिसरी सांगायच्या आधी मला सांगा, घरात कोण कुठं बसतं?"

"मी खाटंवर. ऋषिराज आला तर खुर्चीवर. आबाजी सतरंजीवर. समदी समोर."

"बाजूला कुणी?"

"कुणी न्हाय."

"मग तिसरी तुम्हाला लागू नाही. ती अशी आहे की..."

पण तोवर गेणबानं इकबालचा हात आपल्या टॉवेलाखाली ओढला होता. बाजारात भाव तोंडानं करत नाहीत, फडक्याखाली बोटांनी करतात. आणि ऐकणारं यंत्र कितीही बंद केलं, तरी त्याच्यादेखत त्याचीच किंमत करणं गेणबाला बरं वाटेना. टॉवेलाखाली बोटं हलली, इकबाल कळवळला, बोटं पुन्हा हलली आणि सौदा झाला. ज्या माणसानं चाळीस वर्षं घेणाऱ्यांना सांगितलं की अर्धी ऐकलेली खोड म्हणजे लाथ खाल्ल्यावर कळलेली खोड, त्यानं तिसरी खोड विचारलीच नाही.

टीव्ही भिंतीवर बसला त्या संध्याकाळी निम्मं अंथुर्णं गेणबाच्या घरात होतं. राहिलेलं खिडकीत. क्रिकेटचं मैदान लागलं तेव्हा ते इतकं हिरवंगार दिसलं, की आबाजीची शेळी माणसांच्या पायातून आत आली आणि सीमारेषेवरचं गवत चाटायला लागली. लोक म्हणतात तिनं एक फिल्डर हलवला. तेवढं खरं नसावं.

गेणबाची बायको ठमाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी तिच्या नेहमीच्या पाटावर होती. टीव्हीच्या भिंतीला लागूनच ते दार. एका बाजूला गॅसची शेगडी, एका बाजूला टीव्ही, मध्ये ठमाबाई. ती उठली आणि शेळीला हाकलत गोठ्याकडं गेली. जाताना म्हणाली, "अवं, चहा उतू जाईल, बसा जरा हितं."

गेणबा पाटावर बसला. चहाकडं पाहिलं. मग मान वळवून टीव्हीकडं पाहिलं.

मैदान नव्हतं. म्हणजे होतं, पण चुना मारल्यासारखं. हिरवं गेलं, निळं गेलं, खेळाडूंच्या तोंडावरचं नाकडोळं गेलं. आजारातून उठलेली अकरा माणसं ताकात पोहत होती.

टीव्ही बिघडला, असं वाटून गेणबा ताडकन उठला आणि खाटेपाशी आला. मैदान हिरवंगार. परत पाटावर बसला. ताक. उठला. हिरवं. बसला. ताक.

"गेणबा, बैठका काढतोयस व्हय?" आबाजी सतरंजीवरून म्हणाला.

गेणबा पुन्हा पाटावर बसला. चहा उतू गेला, शेगडी विझली, तरी तो तसाच बसून होता. ठमाबाई आली तेव्हा त्यानं तिचा हात धरून तिला पाटावर बसवलं आणि हळूच विचारलं, "तुला हितनं कसं दिसतं?"

"चांगलं दिसतं की."

"रंग?"

"कसला रंग?" ठमाबाईनं शेगडी पुसायला घेतली. "पयला त्यो डबा टीव्ही हुता, तवा असायचा रंग. ह्यो चपटा आल्यापासनं टीव्हीतल्या माणसांची तब्येतच उतरली. मला वाटलं, शेरातलं खाणं. अंगात रगत न्हाय कुणाच्या."

चपटा टीव्ही येऊन बारा वर्षं झाली होती. गेणबा भिंतीला टेकला. बारा वर्षं खाटेवरून त्यानं लाल माती पाहिली, निळं आभाळ पाहिलं, आणि चार हातांवर त्याची बायको पांढऱ्या फटक माणसांची काळजी करत भाकरी थापत होती. हीनानं विचारलं होतं, बाजूला कुणी? आणि तो म्हणाला होता, कुणी न्हाय. खोटं बोलावं म्हणून नाही. खरोखर त्याला कुणी आठवलंच नव्हतं. ठमाबाई टीव्ही बघते, हे त्याच्या हिशेबी नव्हतंच. ती स्वयंपाक करते, एवढंच त्याला ठाऊक.

आठातले दोन दिवस गेले. अजून सहा दिवस गप्प राहिलं की मिशी वाचत होती आणि नावही. खोड फक्त त्याला माहीत होती. ठमाबाईला तर ती खोड आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. त्यानं घरातल्या घरात उपाय करून पाहिला.

"तू म्होरं येऊन बस की," तो तिला म्हणाला.

"आन् भाकरी टीव्ही थापणार हाय व्हय?"

मग त्यानं टीव्हीच तिच्या बाजूला फिरवला. तेवढ्यात आबाजी आला, सतरंजीवर बसला आणि म्हणाला, "गेणबा, ह्या बाईला बातम्या द्यायला का बसवलीय, दवाखान्यात न्या की तिला." गेणबानं घाईनं टीव्ही पूर्ववत केला.

तिसऱ्या दिवशी ठमाबाई आपण होऊन म्हणाली, "टीव्ही मातुर झ्याक घेतलासा. आवाज हितंबी येतो."

रंग नाही, माणसं नाहीत, तिनं वाखाणला तो आवाज. चाळीस वर्षं तो बाजारात सांगत आला होता, की खोडीपेक्षा लपवलेली खोड वाईट. त्यानं कोनाड्यातलं दावं काढलं. आता टीव्हीपासून पाटापर्यंत धरलं आणि दुसरी गाठ मारली.

"चल," तो म्हणाला. "बारामतीला जायचंय. टीव्ही माघारी द्यायचाय."

ठमाबाईच्या हातातलं पीठ परातीत पडलं. "काय झालं त्येला?"

"खोड निघाली."

"अवं, आन् मिशी?"

"ती उगवती," गेणबा म्हणाला, आणि मिशीवरून एकदा हात फिरवला.

टीव्ही खोक्यात घालून त्यांनी शेजारच्याच्या पिकअपमध्ये ठेवला. गावातून जाताना गेणबानं ज्ञानेशच्या दारात गाडी थांबवली आणि खिडकीतून सांगितलं, "सांजच्याला येतो. वस्तरा लावून ठेव." ज्ञानेशच्या हातातला कंगवा गळून पडला. आबाजी बाकावरच होता. त्यानं तोंडावरचं हसू टॉवेलात दाबलं.

दुकानात हीनानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तात्या, हीच तिसरी खोड. ह्या जातीचा सेट समोरून राजा, बाजूनं फिका. मी विचारलं होतं."

"तू इचारलंस. म्याच सांगितलं न्हाय. चूक माझी."

"आमच्या आज्ज्याला तुम्ही म्हणायचा म्हणे, बैल चारी अंगानं बघावा."

गेणबाची मान खाली गेली. टीव्हीला एकच अंग असतं, असं धरून तो त्याच्या पुढ्यातच उभा राहिला होता. शेपटीकडून बघणारं घरात कुणी असेल, हे बाजारातल्या पोरासोरांनाही सुचलं असतं.

इकबाल म्हणाला, "बिघडला नसेल तर कंपनी माघारी घेत न्हाय, तात्या. पण अब्बांनी बाजाराचा नेम पाळला, मीबी पाळतो. हा सेट माझ्या गिऱ्हाइकांच्या बाकासमोर लावतो. तिथं समदी समोरच बसत्यात."

हीनानं दावं जमिनीवर पसरलं, दुसऱ्या गाठीपाशी पोतं टाकलं आणि म्हणाली, "आज्जी, घरी बसता तशा बसा."

ठमाबाई उभ्या जन्मात कुठल्या दुकानात वस्तू पसंत करायला आली नव्हती. ती पोत्यावर बसली, सवयीनं हात परातीवर ठेवावेत तसे पुढं धरले आणि तिरकी मान करून भिंतीकडं पाहू लागली. हीनानं भिंतीवरच्या सहाही टीव्हींवर एकच मालिका लावली. पहिल्या टीव्हीपुढून दावं दुसऱ्यापुढं सरकलं, दुसऱ्यापुढून तिसऱ्यापुढं. दुकानातली गिऱ्हाइकं फ्रिज बघायचं सोडून गोळा झाली. चौथ्या टीव्हीपाशी ठमाबाईचे हात हवेतच थांबले.

ती पडद्याकडं वाकली. मग म्हणाली, "हिनं लगीन कवा केलं?"

"कुणी, आज्जी?"

"विजयमालानं. हिरवं नेसलीया. कपाळाला कुकू हाय."

हीनानं पडद्याकडं पाहिलं. "ती पहिल्यापासून लग्न झालेलीच आहे. चार वर्षं."

"मग रोज तिच्या घरी जेवायला येतो त्यो?"

"नवरा तिचा."

ठमाबाईचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "मी त्येला दीर समजत हुते," ती म्हणाली. "म्हटलं, भाऊ गेला तरी वयनीला इसरला न्हाय, भला माणूस. फोडणीच्या आवाजात बोलणं कुठं ऐकाय येतंय. नेहमी पांढऱ्या पातळात दिसायची. बिचारीचं भलं व्हावं म्हणून चार वर्सं तिच्या नावानं सोमवार धरतीया मी."

गेणबा मटकन खोक्यावर बसला. बैल बसणार हे त्याला शिंकेवरून कळत होतं. आणि घरात चार वर्षं बायको दर सोमवारी उपाशी राहत होती, ती कुणासाठी, हे त्यानं एकदाही विचारलं नव्हतं. त्याला वाटे, आपल्यासाठी.

"सोडा आता तो सोमवार," इकबाल हळूच म्हणाला.

"सोडू कसा? नवरा जिता हाय म्हणल्यावर त्येचंबी बगाय पायजे." ठमाबाईनं डोळ्यांना पदर लावला आणि लगेच काढला, कारण पडदा दिसेना. "ह्योच घ्या."

"ह्याचीपण खोड सांगते," हीना म्हणाली. "हा बाजूनंही तसाच दिसतो, पण ह्याचा काळा रंग पुरता काळा नसतो. अंधारातलं जरा राखाडी दिसतं."

"अंधार पडल्यावर मी झोपती," ठमाबाई म्हणाली.

या खेपेला टॉवेलाखाली गेणबानं एकदाच बोट दाबलं, आणि इकबालनंही ओढून धरलं नाही.

संध्याकाळी ज्ञानेशच्या दुकानासमोर पिकअप थांबली. ठमाबाई टीव्हीपाशी बसून राहिली. आत बाक भरला होता, पण कुणी हसत नव्हतं. चाळीस वर्षांचं नाव उतरताना कसं दिसतं, हे बघायला आलेली माणसं आता एकमेकांकडं बघत होती. ज्ञानेशनं फेस केला, वस्तरा उघडला आणि विचारलं,

"तात्या, कुठली? डावी का उजवी?"

गेणबानं डोळे मिटले. मनातल्या मनात तो खाटेवर बसला. टीव्ही समोर, आबाजीची सतरंजी डाव्या अंगाला, स्वयंपाकघराचं दार उजव्या.

"डावी," तो म्हणाला.

त्या रात्रीची भाकरी नेहमीच्याच शेगडीवर, आणि पाटही तिथंच. नवा टीव्ही लागला. विजयमाला हिरव्यात होती, नवऱ्याला वाढत होती. आबाजी सतरंजीवर बसला, गेणबाच्या डाव्या गालाकडं त्यानं एकदा पाहिलं, आणि दिवसभर जपून ठेवलेलं हसू अखेर त्याला फुटलं.

"काय गं ठमा," गेणबा पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "हितनं कसं दिसतं?"

ठमाबाईनं आधी टीव्हीकडं पाहिलं. मग खाटेवरच्या गेणबाच्या मिशीकडं पाहिलं, बाजूनं, जसं ती गेली बारा वर्षं बघत आली होती.

"माझ्या हितनं पुरी दिसती," ती म्हणाली, आणि भाकरी उलटली.